गोधडीतले कागद

१४ मार्च १९३४, बुधवार

आजपासून रोजचं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. हौस म्हणून नाही. घरात परकं माणूस येणार आहे, तेव्हा कुणी काय विचारलं आणि कशाला हात लावला याची नोंद असलेली बरी. उद्या कुणी म्हणायला नको की मेहिटेबल डायर म्हातारपणी काहीबाही बरळते.

चर्चचे डीकन लंट सकाळी येऊन गेले. आमच्या गावच्या बुडालेल्यांसाठी धक्क्यावर ग्रॅनाइटचा दगड उभा करायचा, हे समितीनं गेल्या वर्षीच ठरवलं होतं. त्यावर माझ्या भावाच्या, कवी एफ्रैमच्या, दोन ओळी कोरायच्या आणि तीस मेला, स्मरणदिनी, दगडावरचं कापड काढायचं. इथवर ठीक. आता म्हणतात, कुणी मिस ऑगस्टा फेन म्हणून बाई आहे, कॉलेजात शिकवते, एफ्रैमचं चरित्र लिहिते आहे, तिला दोन महिने तुमच्याकडे ठेवून घ्या. ओळी बिनचूक आहेत ना, तेही ती तपासून देईल.

"त्यात तपासायचं काय?" मी विचारलं. "गावातलं शेंबडं पोरसुद्धा म्हणून दाखवेल."

"दगडावरची चूक खोडता येत नाही, मिस डायर," डीकन म्हणाले आणि माझ्या बिस्किटांतलं तिसरं उचललं.

ओळी सगळ्या अमेरिकेला पाठ आहेत, तरी नोंद म्हणून लिहिते:

समुद्र काही परत करत नाही, ठाऊक आहे;
तरी रोज आम्ही पायरी झाडून ठेवतो.

एफ्रैमला जाऊन तेवीस वर्षं झाली. शाळेच्या पुस्तकांत तो आहे, दिनदर्शिकांवर आहे, महायुद्धानंतर तर सांत्वनाच्या कार्डांवर ह्याच दोन ओळी छापून घरोघर गेल्या. इतकं सगळं झाल्यावर आता हिला काय शोधायचं आहे? पाणी कुठंतरी मुरतंय.

१९ मार्च, सोमवार

आली. पस्तिशीची असेल. पुरुषासारखी विजार, हातात टाइपरायटर, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. माशांचं चावडर दोनदा मागून घेतलं. गोड बोलते. गोड बोलणाऱ्यांना मी पाहून घेतलं आहे.

एफ्रैमची खोली दाखवली. टेबल, दौत, कस्टम्सच्या कचेरीतली त्याची टोपी. तिनं सगळ्यावरून नुसती नजर फिरवली. मग मला विचारते, "ते लिहीत असत तेव्हा तुम्ही काय करत असायचात?"

"घरात बाई काय करते? स्वयंपाक."

"आणि प्रती? संपादकांकडे गेलेल्या सगळ्या प्रती तुमच्या अक्षरात आहेत. मी बॉस्टनला पाहिल्या."

"त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," मी सांगितलं. "कुणीतरी नीट उतरवून द्यायलाच हवं होतं."

तिनं ते वहीत लिहिलं. आली भावासाठी आणि चौकशी बहिणीची. घर फोडायला येणारा आधी कुत्रं कुठं बांधलं आहे ते विचारतो.

२४ मार्च, शनिवार

नेहमीप्रमाणे काकवीतले बीन्स आणि ब्राऊन ब्रेड. एनॉस टिबेट्स लाकडं घेऊन आला होता, त्याला जेवायला थांबवलं. म्हटलं, एक साक्षीदार असू दे.

एनॉस शेजारी राहतो, लॉबस्टरचे पिंजरे लावतो. सात वर्षांपूर्वी त्याचा पोरगा वेस्ली नोव्हेंबरच्या वादळात गेला, तेव्हापासून ह्याची थट्टामस्करी जरा जास्तच वाढली आहे.

"काय हो बाई," तो मिस फेनला म्हणाला, "चरित्रात प्रेमप्रकरण लागतं ना? नाहीतर कोण वाचणार? आमचा एफ्रैम तर बायकांना बघून रस्ता बदलायचा."

"म्हणजे बायकांकडे लक्ष असायचं," ती म्हणाली.

एनॉस पोट धरून हसला. मी हसले नाही. म्हणजे हे आहे तर. हिला कुठूनतरी प्रेमपत्रं उकरून काढायची आहेत. ती वर गेल्यावर एफ्रैमची सगळी पत्रं गोळा करून पिठाच्या पिंपात, पिठाखाली ठेवली. त्यांत प्रेमाचं काही नाही, कर आणि कोळसा एवढंच आहे, पण असल्या लोकांना कोळशातूनही धूर काढता येतो.

२७ मार्च

पिठाच्या पिंपावर बोटांचे ठसे होते. नंतर लक्षात आलं, माझेच.

५ एप्रिल, गुरुवार

धुकं चौथ्या दिवशीही उठलेलं नाही. असं असलं की पाण्यावर तरंगणारी घंटेची बोया घराजवळ आल्यासारखी वाटते.

मिस फेननं आज १८८९ च्या पुस्तकाबद्दल विचारलं. मला वाटलंच होतं. एफ्रैमचं तेवढं एक पुस्तक पडलं. टीकाकारांनी लिहिलं, कवीचा झरा आटला, नुसते शब्दांचे नगारे उरले.

"त्या वर्षी तुम्ही कुठं होतात?" ती म्हणाली.

"पोर्टलंडला. मावशीला अर्धांगवायू झाला होता, वर्षभर तिची शुश्रूषा केली. पण त्याचा काय संबंध? बॉस्टनच्या टीकाकारांना त्या साली मत्सराची लागण झाली होती. मी परत आले तेव्हा एफ्रैम अगदी खचला होता. मग हळूहळू पुन्हा लिहू लागला आणि पुढचं पुस्तक सगळ्यांनी डोक्यावर घेतलं."

"आणि १९०४ नंतर त्यांनी काहीच लिहिलं नाही."

"तेव्हा माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया होईपर्यंत कित्येक वर्षं मला दिसेना म्हणून त्यानंही लेखणी ठेवली. मी म्हटलं, दुसरं कुणी ठेव नकला करायला. तर म्हणाला, हिटी, तुझ्याशिवाय कशाला. असा भाऊ शोधून सापडायचा नाही."

मिस फेननं वही खाली ठेवली. डोळ्यांत पाणी होतं. मी कच्च्या गुरूची चेली नाही. पाणी आणून माणसाला बोलतं करायची रीत जुनी आहे.

९ एप्रिल

आज तिनं स्वतःबद्दल सांगितलं, न विचारता. ती कॅन्ससची. भाऊ फ्रान्समध्ये युद्धात गेला, प्रेतसुद्धा आलं नाही. तिच्या आईनं सांत्वनाचं कार्ड चुलीमागच्या भिंतीवर लावलं आणि पुढं मरेपर्यंत रोज सकाळी दाराबाहेरची पायरी झाडली.

"कॅन्ससमध्ये समुद्र कुठं आहे?" मी म्हटलं.

"नाहीच ना," ती म्हणाली.

खरं असेलही. पण खरं बोलणाराच जास्त आत शिरतो, हे विसरून चालणार नाही.

१५ एप्रिल, रविवार

आज जे व्हायचं ते झालं. मन शांत ठेवून लिहिते आहे.

काल थंडी परत आली म्हणून मी पेटीतली जुनी षटकोनी तुकड्यांची गोधडी काढून मिस फेनच्या पलंगावर घातली. चांगुलपणा नडतो तो असा. सकाळी चर्चला जायच्या आधी ती खाली आली, चेहरा पांढराफटक.

"मिस डायर, ती गोधडी वाजते."

"वाजणारच. आत कागद आहेत."

सहा बाजूंचा तुकडा कापडाला नीट यायचा तर आधी कागदाचा साचा कापावा लागतो. कापड त्यावर दुमडून टाचायचं, तुकडे एकमेकांना शिवायचे आणि सगळीकडून जोडलं गेलं की टाचे उसवून कागद काढून टाकायचे. मी काढले नव्हते. अस्तर लावायचं राहिलं, मग सगळंच राहून गेलं. म्हटलं, कागदाची ऊब असते, असू देत.

"कुठले कागद?" तिनं विचारलं.

"रद्दी. एफ्रैमचे कच्चे खर्डे. छान उतरवून झालं की त्यांचं काय करायचं? १८८० च्या हिवाळ्यात कागद काय आभाळातून पडत होता का?"

ती खुर्चीत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "ती मला उसवू द्याल?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही प्रेमपत्रांसाठी आलेलीच नाही. हिला एफ्रैमच्या हातचे खर्डे हवे आहेत. कशाला? माणसाच्या कच्च्या कामात चुका असतात. त्या छापायच्या आणि त्याला जगासमोर उघडा पाडायचं.

मी वर जाऊन गोधडी काढून आणली आणि माझ्या खोलीत ठेवून कुलूप घातलं. चर्चला गेले नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

१६ एप्रिल, सोमवार

तिला डीकनकडे पिटाळलं आणि स्वतःच उसवायला बसले. आत काय आहे हे तिच्याआधी मला कळायला हवं.

कात्री, चिमटा आणि स्वयंपाकघरातलं मोठं टेबल. धागा बोट लावताच तुटत होता. एकेक सहाकोनी कागद काढायचा आणि कडेला कड जुळवायची. दुपारपर्यंत समुद्राच्या कवितेचं पान बहुतेक जुळलं. एफ्रैमचं अक्षर बघून आधी बरं वाटलं.

मग वाचलं. शेवटच्या दोन ओळी त्यानं अशा लिहिल्या होत्या:

हे अथांग सागरा, तुझ्या उदरी निजले जे शूर,
त्यांना लाभो चिरशांती अनंताच्या तीरावर.

मी तीनदा वाचलं. पायरी नाही. झाडणं नाही. दुसऱ्या पानांवर पाहिलं, दीपगृहाच्या कवितेत, आईवरच्या कवितेत, तेच. जे सगळ्या देशाला पाठ आहे ते त्याच्या हातचं नाहीच.

आठवायला लागले तसं हळूहळू आठवलं. मी उतरवून घेताना मोठ्यानं वाचत असे. जिथं जीभ अडखळे तिथं जरा सरळ करत असे. मोज्याची टाच विरली की आपण दोन टाके घालतो, तसं. ते कुणाला विचारून करायचं असतं का? पण ही टाच नव्हे. मी आख्खा मोजाच दुसरा विणला आणि त्याच्या नावावर खपवला.

ही कविता उतरवली त्या वर्षी मी धड भानावर नव्हते. नोव्हेंबरात पलीकडच्या गावचा जोएल बार्टर 'हॅना लंट' बोटीबरोबर बुडाला. आमचं लग्नाचं ठरलं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, वसंतात सांगणार होतो, तेव्हा रडायचीही सोय नव्हती. मी नुसती दारची पायरी झाडत असे. आई म्हणायची, दगड झिजतील गं. पण त्याचा ह्या ओळींशी काही संबंध नाही. उतरवणारीचं लक्ष ठिकाणावर नव्हतं एवढंच खरं.

पानांच्या कडेला एफ्रैमनं जागोजाग लिहिलं आहे, 'हिटीकडे'. म्हणजे उतरवायला द्यायचं. समुद्राच्या पानावर त्याखाली आहे, 'हिटी, हे मला जमत नाही.' सुवाच्य लिहिणं त्याला खरंच जमत नसे. बिचाऱ्यानं विश्वासानं कागद माझ्या हाती दिला आणि मी काय केलं.

१७ एप्रिल

एफ्रैमला कळलं कसं नाही? छापून आल्यावर त्यानं वाचलं असेलच. मला लागू नये म्हणून आयुष्यभर बोलला नसेल. हा विचार आला आणि हातातली बशी फुटली.

२० एप्रिल, शुक्रवार

मिस फेनशी समोरासमोर झालं. लपवण्यात अर्थ नव्हता, तिला सगळा अंदाज होताच.

"तुम्ही पाहिलेत ना खर्डे?" ती म्हणाली. "त्या ओळी तुमच्या आहेत."

"हो," मी म्हटलं. "आरोप मान्य आहे."

"आरोप? मिस डायर, मी काय म्हणते आहे ते ऐका तरी. त्या कविता तुम्ही लिहिल्यात. दगडावर तुमचं नाव असायला हवं."

वा. दगडावर गुन्हेगाराचं नाव. मी बरी तिच्या हाती सापडले आहे. अशा पुस्तकाला मग प्रेमप्रकरणाची गरजच नाही. बहिणीनं महाकवीचं लिखाण वर्षानुवर्षं बिघडवलं, एवढं पुरे.

"तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं," मी म्हटलं.

"नाही, तुम्हाला कळत नाहीय," ती म्हणाली. आवाज चढला होता. "अजिबात कळत नाहीय. तुम्ही हुशार आहात आणि खेचरासारख्या हट्टी आहात."

माझ्या घरात बसून मला खेचर म्हणाली. दुपारी सामान बांधून ती एनॉसकडे राहायला गेली. पायरीवर थांबून म्हणाली, कागद तेवढे जाळू नका. मी दार लावून घेतलं.

२३ एप्रिल, सोमवार

रात्रंदिवस विचार करून ठरवलं. चूक माझी, सुधारायची मीच. दगड अजून खाणीवर आहे, कोरलेला नाही. डीकन लंटकडे गेले आणि म्हटलं, मूळ खर्डा सापडला, छापलेलं चुकीचं आहे. कसं चुकलं ते सांगितलं नाही. उतरवण्यात घोटाळा झाला म्हटलं, आणि ते खोटं नाही.

डीकननी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "चिरशांती. अनंत. फार भारदस्त," ते म्हणाले. "खरं सांगू? त्या पायरीचं मला कधी पटलं नव्हतं. स्मारकावर केरसुणी कशाला? पण लोकांची जीभ बसली आहे त्यावर."

"लोकांना बरोबर काय ते कळायला नको?"

"तुम्ही सख्ख्या बहीण. तुम्ही म्हणाल ते समितीला प्रमाण."

त्यांनी माझ्यासमोरच पाथरवटाला चिठ्ठी लिहिली. घरी येताना पाय हलके व्हायला हवे होते. झाले नाहीत.

२५ एप्रिल

मिस फेन डीकनकडे जाऊन भांडली म्हणे. एनॉस सांगत होता, टेबलावर मूठ आपटली. डीकन म्हणाले, बाई, तुमच्या हाती पुरावा काय? पुरावा माझ्या कुलपात आहे. तो मी तिला देणार नाही आणि जाळणारही नाही, एफ्रैमच्या हातचा आहे.

"पोरगी झोपत नाही," एनॉस म्हणाला. "तुम्ही दोघी कशावरून भांडलात ते मला नका सांगू. पण हिटीबाई, दगडावर काय येणार आहे हे खरं का?"

"एफ्रैमनं लिहिलं तेच."

तो नुसता टोपी फिरवत उभा राहिला. त्याचंही काहीतरी शिजत असणार.

११ मे, शुक्रवार

शाळेत जाऊन आले. मुलं स्मरणदिनी धक्क्यावर म्हणतात, तेव्हा त्यांना बरोबर शिकवायलाच हवं. मास्तरीणबाईंनी फळ्यावर नव्या ओळी लिहून घेतल्या होत्या. वीस पोरं अनंताच्या तीरावर येऊन अडखळत होती.

"उदरी म्हणजे पोटात?" एका चिमुरडीनं विचारलं. "माझे बाबा पोटात आहेत?"

मी तिला सांगितलं की कवीला तसं म्हणायचं नाही. मग काय म्हणायचं आहे, म्हणाली. मी मास्तरीणबाईंकडे बघितलं, त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

माझ्याविरुद्ध ह्यांना कुणीतरी पढवलं आहे, असं वाटून घरी आले. चहा पिताना मनात आलं, सहा वर्षांच्या पोरीला कोण काय पढवणार.

१९ मे

दगड आला. बैलांनी ओढून धक्क्यावर आणला, कापडात गुंडाळून. मी हात लावून पाहिला, अक्षरं बोटांना खोल लागतात. पाथरवटाचं काम चोख आहे.

३० मे, बुधवार

घरी आल्यावर लगेच लिहिते आहे.

सकाळी ऊन होतं. सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं, प्रत्येकाच्या हातात लायलॅकचे तुरे. बँड वाजला, डीकन बोलले, कापड निघालं. लोक पुढं सरकले आणि वाचू लागले. मी त्यांच्याकडे बघत होते. टिबेट्सची बायको ड्रुसिला दगडाच्या अगदी जवळ गेली, वेस्लीचं नाव खालच्या यादीत आहे. तिनं नावावरून बोट फिरवलं, मग वर ओळींकडे पाहिलं आणि एनॉसकडे वळली. "आपल्या ओळी कुठं गेल्या?" एवढंच म्हणाली. एनॉसनं मान खाली घातली.

मिस फेन गर्दीच्या कडेला उभी होती. मला वाटलं, आता तरी ती मोठ्यानं काही सांगेल, माझी अब्रू काढेल. तयारीत होते. तिनं तोंड उघडलं नाही.

मग नेहमीसारखं मुलांना पुढं घेतलं. दरवर्षी मुलं सुरू करतात, शेवटच्या दोन ओळींना सगळं गाव आवाज मिसळतं आणि फुलं पाण्यात जातात. मुलांनी कविता नीट म्हटली. शेवटाशी आली आणि थबकली. उगाच घोटाळा नको म्हणून मीच मोठ्यानं सुरू केलं, हे अथांग सागरा.

मी एकटीच म्हणत होते. पुढचा शब्द उच्चारीपर्यंत मागून कुणा बाईचा आवाज आला, समुद्र काही परत करत नाही. आणि मग सगळेच. म्हातारे, नावाडी, पोरं, बँडवालेसुद्धा. कुणी मला चिडवायला म्हणत नव्हतं, माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, सगळे पाण्याकडे बघत होते. मी आवाज चढवला. मला एफ्रैमसाठी ते पूर्ण करायचं होतं. पण दुसऱ्या ओळीला माझीच जीभ वळली. पायरी झाडून ठेवतो, असं मी त्यांच्याबरोबर म्हटलं, आणि फुलं पाण्यात पडली.

मला रडू कोसळलं. चारचौघांत मी कधी रडले नव्हते.

ड्रुसिलानं येऊन माझा दंड धरला. "तुमच्यावर मी रागावले होते हिटीबाई, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "वेस्ली गेला त्या हिवाळ्यात मी अंथरुणातून उठत नव्हते. ह्या ओळींनी उठवलं मला. निदान पायरी तरी झाडू, म्हणून उठले. दगडावर कुणी काही लिहो. तुम्हाला नाही कळायचं ते, समुद्रानं तुमचं कुणी नेलं नाही."

"जोएलला नेलं," मी म्हटलं.

चोपन्न वर्षांत हे नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. ड्रुसिलानं विचारलं, कोण जोएल? मी सांगितलं. धक्क्यावर, भर दिवसा, सगळं सांगितलं. नोव्हेंबर, बोट, न सांगितलेलं लग्न, आणि आई म्हणायची दगड झिजतील ते. ती ऐकता ऐकता एकदम थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली, मग दगडाकडे, मग परत माझ्याकडे. एनॉसनं टोपी काढली.

मिस फेन चार पावलांवर होती. तिच्या हातात वही होती आणि ती मिटलेली होती.

मी तडक घरी आले.

३१ मे, गुरुवार

मिस फेनला एनॉसबरोबर चिठ्ठी पाठवली. तिच्यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही, हे आधीच लिहिलं, म्हणजे पुढं गैरसमज नको. मग लिहिलं की उद्या सकाळी ये. कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून ठेवते, सगळे अजून जुळलेले नाहीत, दोघींनी बसलं तर जुळतील.

दगडाचं काय करायचं ते समिती बघेल. माझं नाव कुठंही घालायचं नाही, दगडावर नाही आणि पुस्तकातही नाही, हे दोनदा लिहिलं. एफ्रैमला कमीपणा येईल असं काही छापलंस तर मी कोर्टात जाईन, तेही लिहिलं.

पण त्या दोन ओळी कुणासाठी आहेत हे पुस्तकात सांगायची रीत असेल, तर तिथं जोएल बार्टर असं घाल. वय तेवीस, 'हॅना लंट' बोटीवरचा. एफ्रैम त्याला ओळखत नव्हता.